धिप्पाड रनिंग बॅक: वजन कुठे कामी येतं आणि कुठे अंगाशी येतं

साताऱ्याच्या सत्तर किलो वजनाच्या एका कबड्डीपटूने विचारलं आहे: ‘अमेरिकन फुटबॉलमधल्या डेरिक हेन्रीचे व्हिडिओ बघितले. सहा फूट तीन इंच उंची, ११२ किलो वजन, आणि तरी पकडायला आलेल्यांना मागे टाकून पळतो. असे आडदांड रनिंग बॅक आधी कोण कोण होऊन गेले? त्यात सगळ्यात भारी कोण? आणि एवढा फायदा असेल तर सगळे संघ असलीच माणसं का घेत नाहीत?’

मी ईशान्य ओहायोत एका हायस्कूलच्या संघात सतरा वर्षं रनिंग बॅकना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांना, शिकवतो आहे. सकाळी फिजिओथेरपीचं काम, दुपारी तीननंतर मैदान. इकडे यायच्या आधी सांगलीत कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यात. म्हणजे अर्धं आयुष्य पळणाऱ्याचे घोटे धरण्यात गेलं आणि उरलेलं, पळणाऱ्यांना घोटे सोडवायला शिकवण्यात चाललं आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो.

आधी काम काय असतं ते थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या आसपास, पुढे सरकायचं. जमलं तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. क्वार्टरबॅक एक तर चेंडू फेकतो, नाही तर मागे उभ्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढची फळी धक्काबुक्की करून एक फट उघडते. ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडी असते. तिच्यात शिरायचं, पलीकडे समोरच्या संघाचा लाइनबॅकर उभा असतो त्याला चुकवायचं किंवा तुडवायचं, आणि त्याच्याही मागे सेफ्टी असतो.

मोठ्या माणसाची अडचण इथेच सुरू होते. फट अरुंद, अंग रुंद. दिशा बदलायला त्याला लहानखुऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. उंच असेल तर लांब पाय म्हणजे समोरच्याला आयतं गिऱ्हाईक. कोपऱ्यात खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून पहिल्या दोन पावलांत वजनाचा उपयोग शून्य, उलट तोटाच. उपयोग सुरू होतो तो अंगाला अंग भिडल्यावर. आजवर जे धिप्पाड रनिंग बॅक खरोखर मोठे झाले ते सगळे भिडेपर्यंत लहान माणसासारखे पळायचे. ज्यांना ते जमलं नाही त्यांची यादी फार मोठी आहे, आणि ती नावं आज कोणाला आठवत नाहीत.

भिडल्यावर काय होतं? जो खाली तो जिंकतो. पट काढायला पैलवान जसा खाली जातो तसंच. आमच्याकडे याला ‘पॅड खाली’ म्हणतात, आणि सरावात दिवसातून पन्नास वेळा मी तेच ओरडतो. खांद्यावरचे पॅड समोरच्याच्या पॅडच्या खाली गेले पाहिजेत. मग ११२ किलो त्याला खालून उचलतात. तेच ११२ किलो ताठ उभे राहून आले तर ७५ किलोचं पोरगंसुद्धा मांड्यांना मिठी मारून त्यांना झोपवतं. दुसरी गोष्ट, धडकेनंतर पाय चालू ठेवायचे, छोटी छोटी पावलं. तिसरी, मोकळा हात ताठ करून समोरच्याचं डोकं किंवा छाती लांब ठेवायची. एवढं तिन्ही आलं की मग वजन बोलायला लागतं.

आता माणसं. सुरुवात ब्रॉन्को नागुर्स्कीपासूनच करावी लागते. जन्म १९०८, कॅनडातल्या रेनी रिव्हरचा. वाढला सीमेच्या अलीकडे, मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्सला. सहा फूट दोन इंच, सुमारे १०३ किलो. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण १९३० मध्ये तो शिकागो बेअर्सकडे आला तेव्हा त्याच्या अंगावर येणारे बरेच लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले गडी, त्याच्यापेक्षा हलके होते. म्हणजे मालगाडी थांबवायला सायकली आडव्या लावल्यासारखा प्रकार. त्याच्या बोटाची अंगठी साडेएकोणीस मापाची होती. शिकागोतल्या रिगली फील्ड या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर आपटून तो म्हणाला की शेवटचा गडी जरा जोरात लागला, ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रत्येक कोचने आपल्या पोरांना सांगितलेली असते. खरी असो-नसो, मीही सांगतो.

पण नागुर्स्कीबद्दल मला खरी आवडते ती दुसरी हकिकत. १९३२ चा विजेता ठरवणारा सामना शिकागोत थंडी आणि बर्फामुळे बंदिस्त स्टेडियममध्ये, आखूड मैदानावर झाला. सगळ्यांना वाटलं नागुर्स्की धडक मारणार. तो दोन पावलं पुढे आला, थांबला, आणि साथीदार रेड ग्रेंजकडे चेंडू फेकून मोकळा झाला. टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे! चेंडू फेकताना तो नियमाप्रमाणे चाल सुरू होते त्या रेषेच्या पाच यार्ड मागे नव्हता म्हणून समोरच्या पोर्ट्समथवाल्यांनी आरडाओरडा केला, पण पंचांनी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी नियमच बदलला आणि रेषेमागून कुठूनही चेंडू फेकायला परवानगी मिळाली. आज जो फेकाफेकीचा खेळ तुम्ही बघता त्याला वाट करून देण्यात धडक मारणाऱ्या माणसाचा हात आहे, ही गंमत. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला, पाच-सहा वर्षं फुटबॉल सोडलं, आणि युद्धामुळे खेळाडू कमी पडले तेव्हा १९४३ मध्ये पस्तिशीत परत येऊन बेअर्सला विजेतेपद मिळवून द्यायला हातभार लावला.

मॅरियन मोटलीबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तो आमच्या भागातला. जन्म जॉर्जियाचा, पण वाढला ओहायोतल्या कॅंटनला, जिथे आज फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. सहा फूट एक इंच, १०५ किलो. १९४६ मध्ये पॉल ब्राउन या कोचने त्याला आणि बिल विलिसला क्लीव्हलंड ब्राउन्समध्ये घेतलं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड आले. व्यावसायिक फुटबॉलने कृष्णवर्णीयांना बारा वर्षांहून अधिक काळ बाहेर ठेवलं होतं, तो दरवाजा या चौघांनी उघडला. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन येण्याच्या एक वर्ष आधी. मैदानावर मोटलीच्या हातावर मुद्दाम बूट देऊन उभं राहणं, शिव्या देणं, हे रोजचं. डिसेंबर १९४६ मध्ये मायामीच्या सामन्याला त्याला आणि विलिसला नेताच आलं नाही, कारण फ्लोरिडात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र खेळणं चालत नव्हतं.

मोटलीचं मुख्य काम पळणं नव्हतंच. ऑटो ग्रॅहम हा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे जायचा आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अडवायला मोटली उभा असायचा. सगळे ग्रॅहमवर तुटून पडले की ग्रॅहम हळूच चेंडू मोटलीच्या हातात ठेवायचा. समोर मैदान रिकामं, आणि मागे वळून पाहणाऱ्यांना १०५ किलोची पाठ दिसायची. या चालीला ‘ड्रॉ’ म्हणतात, आणि ती एका फसलेल्या चालीतून या दोघांच्या हातून जन्मली असं सांगतात. २९ ऑक्टोबर १९५० ला पिट्सबर्गविरुद्ध त्याने अकरा वेळा चेंडू घेऊन १८८ यार्ड काढले. दर खेपेला सतरा यार्ड! हा विक्रम अर्धशतक टिकला. २००२ मध्ये मायकल व्हिकने मोडला, आणि व्हिक क्वार्टरबॅक होता. कारकिर्दीची सरासरी दर खेपेला ५.७ यार्ड. मी पोरांना जेव्हा सांगतो की आधी अडवायला शिका, चेंडू नंतर, तेव्हा मोटलीचं नाव घेतो. पोरं नाक मुरडतात. सोळाव्या वर्षी कोणाला दुसऱ्यासाठी मार खायचा असतो?

मोटलीने संघ सोडल्यावर काही वर्षांत त्याच संघात जिम ब्राउन आला. १९५७ ते १९६५, नऊ हंगाम, त्यातले आठ हंगाम संपूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड याचे. १०५ किलो, पण कंबर बारीक, खांदे रुंद, आणि पळणं एखाद्या धावपटूसारखं. लॅक्रोस या दुसऱ्या खेळातही तो तितकाच मोठा होता. १९६३ मध्ये चौदा सामन्यांत १,८६३ यार्ड. ११८ सामन्यांत एकही चुकवला नाही. त्याची एक सवय फार हुशारीची: पाडल्यावर तो दर वेळी सारख्याच संथपणे उठायचा, म्हाताऱ्यासारखा. लागलंय की नाही हे समोरच्याला कधीच कळायचं नाही. आणि त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे १९६६ मध्ये, तिशीत, आदल्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला असताना, लंडनमध्ये सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं तिथून त्याने निवृत्ती जाहीर केली. ही तारीख लक्षात ठेवा. अर्ल कॅम्पबेलकडे आलो की तिचा अर्थ लागेल.

लॅरी झॉंकाही ओहायोचाच, स्टोचा. सहा फूट तीन इंच, १०७ किलो, नाक इतक्या वेळा मोडलेलं की ते नक्की कोणत्या बाजूला आहे हे सांगता यायचं नाही. मायामी डॉल्फिन्सकडे तो आला तेव्हा ताठ उभा राहून डोकं पुढे घालून पळायचा, आणि पहिल्याच वर्षी डोक्याला मार बसून हॉस्पिटलमध्ये गेला. १९७० मध्ये डॉन शूला कोच झाला. त्याने आणि त्याच्या सहायकाने एका तयार व्यावसायिक खेळाडूला पळायचं कसं हे पहिल्यापासून शिकवलं: डोकं नाही, हात पुढे. हात इतका पुढे आला की त्याच वर्षी बफेलोच्या एका सेफ्टीला त्याने असा हाणला की, चेंडू स्वतःच्या काखेत असताना, अनावश्यक दांडगाईबद्दल दंड झाला. पकडणाऱ्याला असा दंड होतो. पळणाऱ्याला होणं म्हणजे चढाईला आलेल्याने कोपरारक्षकाचं हाड मोडावं तसं. पुढे १९७२ चा डॉल्फिन्सचा संघ सतराच्या सतरा सामने जिंकला. त्यापुढच्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जानेवारी १९७४ मध्ये, झॉंकाने ३३ खेपांत १४५ यार्ड काढले आणि डॉल्फिन्सच्या क्वार्टरबॅकला अख्ख्या सामन्यात फक्त सात वेळा चेंडू फेकावा लागला. सात! आजकाल तेवढे पास पहिल्या दहा मिनिटांत होतात.

जॉन रिगिन्सचं एकच पळणं सांगतो, कारण ते एकच पुरेसं आहे. ३० जानेवारी १९८३, सुपर बोल, वॉशिंग्टन १७-१३ ने मागे, शेवटची दहा मिनिटं. चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा. सगळ्या स्टेडियमला माहीत होतं चेंडू कोणाला मिळणार. डाव्या अंगाने रिगिन्स निघाला. मायामीचा डॉन मॅकनील आधी घसरला होता, तरी सावरून योग्य जागी पोहोचला, जर्सी हातात आली. पण त्याने वर पकडलं. १०४ किलोच्या माणसाला छातीला धरून थांबवता येत नाही. रिगिन्स त्याला झटकून ४३ यार्ड पळत गेला. मी हे दृश्य डिफेन्सच्या पोरांनाही दाखवतो. घोटा धर, बाबा. घोटा.

आता अर्ल कॅम्पबेल. त्याच्याबद्दल बोलताना मला कोच म्हणून आनंद होतो आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून पोटात गोळा येतो.

टेक्ससमधल्या टायलर गावचा. अकरा भावंडं, वडील तो लहान असतानाच गेले, आई गुलाबाच्या मळ्यांत राबायची; म्हणून पुढे त्याला ‘टायलर रोझ’ म्हणायला लागले. उंची फक्त पाच फूट अकरा इंच, पण वजन १०५ किलोंच्या पुढे, आणि एकेका मांडीचा घेर ३४ इंच. तुमच्या कमरेपेक्षा जास्त असेल. म्हणजे सगळं वजन खाली. खाली वाकायची गरजच नाही, माणूस जन्मतःच खाली. १९७८ मध्ये ह्यूस्टन ऑइलर्सने त्याला सगळ्यांत आधी निवडलं आणि पहिली तिन्ही वर्षं लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड त्याचेच: १,४५०, मग १,६९७, मग १,९३४.

दोन प्रसंग जरूर पाहा. एक, १९७८ मध्येच, रॅम्सचा लाइनबॅकर आयझाया रॉबर्टसन त्याच्यासमोर येतो, कॅम्पबेल बाजूला व्हायचा विचारही करत नाही, डोकं थेट त्याच्या छातीत घालतो, त्याच्यावरून जातो, आणि पुढच्या झटापटीत जर्सी फाटून लोंबते तरी पळतच राहतो. दुसरा, त्याच वर्षी २० नोव्हेंबरचा, सोमवार रात्रीचा मायामीविरुद्धचा सामना. २८ खेपा, १९९ यार्ड, चार टचडाउन. शेवटचं टचडाउन सामना संपत आलेला असताना, ८१ यार्डांचं. बाहेरच्या बाजूने निघाला आणि कोणीच त्याला गाठू शकलं नाही. अठ्ठाविसाव्या खेपेला! वजन चौथ्या, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या, क्वार्टरमध्ये कळतं म्हणतात, ते हेच. पहिल्या क्वार्टरमध्ये छातीला छाती लावणारे गडी चौथ्यात बाजूने नुसता हात घालतात. अंग मागे राहतं. भीती म्हणा, शहाणपण म्हणा. मी शुक्रवारी रात्री शाळेच्या सामन्यातही हे बघतो, आणि तो क्षण आला की हेडकोचला सांगतो, आता आपल्या मोठ्या पोराला द्या.

त्याचे कोच बम फिलिप्स काउबॉय टोपी घालणारे, मिश्कील. कॅम्पबेलला सरावात एक मैल पळणं पूर्ण करता आलं नाही तेव्हा ते म्हणाले, कधी दहा यार्डांऐवजी एक मैल हवा असेल तर मी त्याला चेंडू देणार नाही. छान विनोद आहे. पण खेपांचा हिशेब बघा: १९७९ मध्ये ३६८, १९८० मध्ये ३७३, १९८१ मध्ये ३६१. तीन हंगामांत अकराशेच्या वर वेळा तो माणसांच्या भिंतीवर गेला, आणि शैली अशी की जिथे बाहेर पडून अंग वाचवता आलं असतं तिथेही तो आत वळायचा. १९८५ नंतर तो थांबला तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती. पुढे मणक्याची नळी अरुंद झाली, पाठीवर शस्त्रक्रिया झाल्या, गुडघे गेले, पायांतली ताकद गेली, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं आणि सुटलंही. ५५ व्या वर्षाच्या आसपास हा माणूस चाकांच्या खुर्चीत आणि वॉकरवर होता.

आता जिम ब्राउनची ती तारीख आठवा. वजन सारखंच, कारकीर्दही जवळपास तेवढीच दांडगी, पण ब्राउन टक्कर निवडून घ्यायचा आणि शरीर धड असताना निघून गेला. कॅम्पबेल प्रत्येक टक्कर घ्यायचा. शाळेत मला एखादा दगडी मांड्यांचा मुलगा मिळाला की पालक म्हणतात, कोच, याला सांगा, कोणाला सोडू नकोस. मी त्या मुलाला एकट्याला घेऊन सांगतो की सीमारेषा जवळ असेल आणि हवे ते यार्ड झाले असतील तर बाहेर जा. काही पालकांना हे भित्रेपणाचं वाटतं. वाटू दे.

ख्रिश्चन ओकोये हा या सगळ्यांत निराळा. नायजेरियातल्या एनुगूचा, थाळीफेकपटू. कॅलिफोर्नियाच्या अझुसा पॅसिफिक विद्यापीठात शिकायला आला. १९८४ च्या ऑलिंपिक संघात त्याच्या देशाने घेतलं नाही, तेव्हा विशीच्या मध्यावर त्याने पहिल्यांदा हा खेळ खेळला. ११८ किलो, आणि सुसाट. १९८९ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३७० खेपांत १,४८० यार्ड काढून तो लीगमध्ये पहिला आला. पण लोकांना त्याची आठवण राहिली ती पुढच्या सप्टेंबरच्या एका हरलेल्या धडकेसाठी. डेन्व्हरचा सेफ्टी स्टीव्ह ॲटवॉटर, शंभर किलोंच्या आत-बाहेर, समोरून पूर्ण वेगाने आला आणि ओकोये जागच्या जागी थांबून उलटा पडला. नीट पाहिलंत तर दिसेल की ओकोये तेव्हा ताठ होता आणि ॲटवॉटरचे खांदे खाली. वीस किलोंचा फरक कोनाने खाऊन टाकला. उशिरा खेळ शिकलेल्या माणसाच्या अंगात ‘पॅड खाली’ आपोआप येत नाही, असं माझं मत.

बो जॅक्सन १०३ किलोचा असून लहान बॅकांपेक्षा जोरात पळायचा. ३० नोव्हेंबर १९८७ ला सिअ‍ॅटलमध्ये एकाच रात्री त्याने ९१ यार्डांची मोकळी धाव काढली आणि गोललाइनवर ब्रायन बॉसवर्थ नावाच्या गाजावाजा झालेल्या लाइनबॅकरला उचलून आत नेला. एकूण २२१ यार्ड. तीन वर्षांनी, जानेवारी १९९१ मध्ये, एका साध्याशा टॅकलमध्ये खुबा निसटला, हाडाचा रक्तपुरवठा गेला आणि फुटबॉल संपलं. त्याच्याबद्दल जो-तो ‘काय झालं असतं’ यावर बोलतो. मला त्यात रस नाही.

जेरोम बेटिस, म्हणजे ‘द बस’, पाच फूट अकरा इंच आणि ११४ किलो. गंमत म्हणजे त्याची पावलं नर्तकासारखी हलकी होती. लोकांना बस आठवते, मला पावलं. पिट्सबर्गकडून खेळताना २००४ च्या पहिल्या सामन्यात त्याची नोंद अशी आहे: पाच खेपा, एक यार्ड, तीन टचडाउन. इतका प्रामाणिक आकडा मी दुसरा पाहिलेला नाही. शेवटचा एक यार्ड कापायला कोणाला तरी बोलवायचं, तो आला, काम करून बसला. एकूण १३,६६२ यार्ड काढून, डेट्रॉइट या आपल्या जन्मगावी सुपर बोल जिंकून तो थांबला.

आणि उलट उदाहरणही हवंच. रॉन डेन. विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना ११० किलोंच्या पुढचा हा मुलगा विक्रमांवर विक्रम करत गेला, १९९९ ची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. व्यावसायिक लीगमध्ये मात्र एकाही हंगामात हजार यार्ड नाहीत. विद्यापीठातले लाइनबॅकर त्याला घाबरायचे. व्यावसायिक लाइनबॅकर त्याच्याइतकेच जड आणि त्याच्यापेक्षा चपळ निघाले.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नागुर्स्कीच्या काळी बॅक लाइनमनपेक्षा जड होता. आता शंभर-एकशेदहा किलोचा, वारा पिऊन पळणारा मुलगा दिसला की डिफेन्सचे कोच त्याला आधी पळवतात. माझ्याकडूनच असे दोन मुलगे गेले, एक काठावरून क्वार्टरबॅकवर धावून जायला, दुसरा लाइनबॅकर म्हणून. मी भांडलो, हरलो. त्यांचंही बरोबरच होतं: त्या जागांना विद्यापीठांकडून शिष्यवृत्त्या जास्त मिळतात आणि पुढे पैसेही.

उरलेलं अर्धं उत्तर नियमांत. १९७८ मध्ये चेंडू झेलणाऱ्यांना धरण्या-ढकलण्यावर मर्यादा आली, आणि फळीला हात उघडून अडवायची मुभा मिळाली. फेकणं सोपं झालं. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आली. मग चार-पाच वर्षांत झिजणाऱ्या माणसावर पैसा कोण अडकवणार? २०१३ पासून मोकळ्या जागेत पळणाऱ्यालाही शिरस्त्राणाचा माथा खाली घालून धडक मारायला बंदी आहे. कॅम्पबेलने रॉबर्टसनला जी मारली ती आज दंडाला पात्र ठरेल. फिजिओ म्हणून मी म्हणतो, उशीर झाला पण बरं झालं.

म्हणूनच हेन्री असा अपवाद वाटतो. फ्लोरिडातल्या युली गावच्या शाळेत त्याने १२,१२४ यार्ड काढून १९५३ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी पुष्कळांना खात्री होती की एवढा उंच मुलगा बॅक राहणार नाही. अलाबामाकडून २०१५ ची हाइसमन जिंकूनही २०१६ मध्ये तो ४५ वा निवडला गेला आणि टेनेसीत दोन वर्षं दुसऱ्याच्या मागे बसला. मग ६ डिसेंबर २०१८, जॅक्सनव्हिलविरुद्ध ९९ यार्डांची ती धाव. ती पाहताना त्याच्या वेगापेक्षा मोकळ्या हाताकडे बघा. एकेकाला तो ढकलत नाही, नुसता लांब ठेवतो, आणि ते स्वतःच्याच जोराने पडतात. २०२० मध्ये २,०२७ यार्ड. २०२१ मध्ये पायाचं हाड मोडलं तेव्हा संपला असं आम्हीही म्हटलं होतं. २०२४ मध्ये बाल्टिमोरला गेल्यावर, तिशीत, १,९२१ यार्ड आणि सोळा टचडाउन. यात लामार जॅक्सनचा वाटा आहे: तो क्वार्टरबॅक स्वतःच इतका पळतो की लाइनबॅकर चेंडू कोणाकडे आहे याचा अंदाज घेत क्षणभर थबकतो. हेन्रीसारख्या लांब पायांच्या माणसाला वेग धरायला तेवढाच क्षण कमी पडत असतो.

राहिला प्रश्न सगळ्यात भारी कोण. पूर्ण कारकीर्द धरली तर जिम ब्राउन, त्यावर मी वाद घालत नाही. एका हंगामासाठी मागितलात तर १९८० चा कॅम्पबेल. पण शुक्रवारच्या रात्री, चौथा प्रयत्न, एक यार्ड, आणि यांतला एकच माझ्या बाकावर असेल, तर मी मोटलीला उठवीन. समोरचे अकराच्या अकरा त्याच्यावर डोळा ठेवून मध्ये गोळा होतील. मग चेंडू द्यायचाच नाही त्याला. त्याला फटीतून लाइनबॅकरच्या अंगावर पाठवायचं आणि त्याच्यामागून माझं सत्तर किलोचं पोर बाहेरच्या अंगाने सोडायचं. तुमच्याएवढ्याच वजनाचं.